दोस्त राष्ट्र

संभाजी बागेच्या फाटकाशी मोर्चा अडला होता. पोलिसांनी नव्हे, आमच्या आप्पांनी अडवला होता.

पुण्याच्या प्राइड मोर्चात पोरं-पोरी तीन-चार शब्दांचे फलक आणतात. लांबून वाचता यावेत, फोटोत नीट यावेत, एवढीच अपेक्षा. आप्पांनी पुठ्ठ्यावर अख्खं पत्र डकवून आणलं होतं. डावीकडे जावक क्रमांक, उजवीकडे दिनांक. 'प्रति, सर्व संबंधित.' मग 'विषय :- दोन सज्ञान व्यक्तींच्या परस्पर प्रेमास समाजाने हरकत न घेणेबाबत.' मग 'संदर्भ :- १) मा. सर्वोच्च न्यायालय, निकाल दि. ६ सप्टेंबर २०१८. २) आपली व आमची समक्ष झालेली वादावादी.' शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर', सही आणि सहीखाली 'मंडळ अधिकारी (सेवानिवृत्त)'. अक्षर सुबक, पण मापाने सातबाऱ्याचं. त्यामुळे ज्याला-त्याला थांबून, वाकून वाचावं लागत होतं. वाचून झालेले फोटो काढायला थांबत होते आणि मागचे 'पुढे काय झालंय?' म्हणून टाचा उंच करत होते.

केस निळे केलेल्या एका मुलीने विचारलं, "काका, ह्यातली घोषणा कुठली?"

आप्पांनी चष्मा वर केला. "विषय द्या. संदर्भ नको, लांबतो."

त्या दिवशी गुडलक चौकापर्यंत एक टोळकं 'दोन सज्ञान व्यक्तींच्या' असं ओरडत होतं आणि दुसरं 'हरकत न घेणेबाबत!' म्हणून साथ देत होतं. ढोल बरोबर 'बाबत'वर पडत होता.

आप्पा म्हणजे माझे सख्खे धाकटे काका. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांच्या जमिनींचे फेरफार प्रमाणित केल्यामुळे त्यांचा एक पक्का समज आहे : जगातलं कुठलंही दुःख चुकीच्या रकान्यात पडलेल्या नोंदीमुळे होतं. मोर्चातली मुलं त्यांच्यासारख्यांना 'अलाय' म्हणतात. आप्पांनी तो शब्द शब्दकोशात पाहिला, तिथे दुसऱ्या महायुद्धातली दोस्त राष्ट्रं निघाली. तेव्हापासून कुणी विचारलं की ते सांगतात, "मी त्यांच्यातला नाही. मी दोस्त राष्ट्र." ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर त्यांना मागून 'चर्चिल' म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे आणि आवडतंही.

सुरुवात फोनवर झाली. कलम ३७७चा निकाल लागून आठवडा झाला असेल. चिरंजीव बंगळुरूला होते. (आप्पा मुलाला चिरंजीवच म्हणतात, तेही आदरार्थी, आपणही तेच ठेवू.) चिरंजीवांनी बरेच दिवस धीर गोळा करून फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, काकूच्या गुडघ्याचं झालं, आणि मग ते एका दमात म्हणाले, "आप्पा, मी बाय आहे."

"बरं, बाय," म्हणून आप्पांनी फोन ठेवला.

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा शब्द फोडून सांगावा लागला. मला पुरुषही आवडू शकतात, बायकाही आवडू शकतात. आप्पांनी "थांब, लिहून घेतो" म्हटलं आणि खरोखर लिहून घेतलं. मग शब्दकोश. तिथे 'उभयलिंगी' सापडलं. त्या शब्दाने समाधान होईना, म्हणून शेजारच्या पोराचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आणलं. उभयलिंगी फूल, उदाहरण जास्वंद. त्यानंतर गांडूळ. आप्पांनी गांडूळखताच्या अनुदानाचे कागद नोकरीत हाताळलेले, त्यामुळे गांडुळाबद्दल त्यांना आधीपासून आदर होता. त्यांनी ही सगळी माहिती काकूला वाचून दाखवली. काकू वाती वळत होती.

"जास्वंद म्हणजे आपली तांबडी?"

"हो."

"गणपतीला चालते ना? मग झालं तर."

काकूचा ह्या विषयावरचा अभ्यास तिथेच पूर्ण झाला. पुढे कधीतरी तिने सहज सांगितलं की तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' तिने तरुणपणी पाहिलंय, रोहिणी हट्टंगडीचं काम होतं, आणि त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. नाटक १९८१चं. आप्पांना धक्काच बसला. त्यांनी एवढ्या कष्टाने मिळवलेली प्रगती बायकोने लग्नाआधीच करून ठेवलेली!

चिरंजीवांनी मात्र गांडुळाला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, हा शब्द शरीराबद्दलचा आहे. मी सांगतोय ते मनाच्या ओढीबद्दल. द्विलैंगिक म्हणा, नाहीतर नुसतं बाय म्हणा.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग आप्पा दही आणायला गेले. डेअरीवर रांग होती, विषय मुलांच्या लग्नाचा निघाला, आणि आप्पांनी कुणी न विचारता, स्वातंत्र्यसैनिकाच्या बापाच्या आवाजात जाहीर केलं, "आमच्या चिरंजीवांचं उभय आहे." संध्याकाळपर्यंत बंगळुरूला तीन फोन गेले. चौथा बंगळुरूहून आला.

"आप्पा, ती माझी गोष्ट होती. कुणाला सांगायची, कधी सांगायची, ते मी ठरवणार होतो. तुम्ही माझ्या आधी जाऊन वाटून आलात."

आप्पा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक नमुना टाइप करून पाठवला : 'मी खाली सही करणार, माझ्याविषयीची पुढील माहिती पुढील व्यक्तींना कळविण्यास माझी हरकत नाही.' खाली रकाने. चिरंजीवांनी तो हसत भरला. 'पुढील व्यक्तीं'मध्ये मी होतो, हे इथे सांगायला हवं, नाहीतर हा लेखच बेकायदा ठरेल. तेव्हापासून आप्पा ना हरकत पत्राशिवाय कुणाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आमच्या सोसायटीतल्या आणि आसपासच्या कितीतरी मुलामुलींची गुपितं त्यांच्या पोटात असतील. काकूलाही माहीत नाहीत. म्हणजे आप्पांकडून माहीत नाहीत.

मुलं त्यांच्याकडे येतात ती सांत्वनासाठी नव्हे. सांत्वनात आप्पा अगदी कच्चे. कुणी रडायला लागलं की ते पंखा वाढवतात. पण पारलिंगी मुलगा किंवा मुलगी ओळखपत्राच्या भानगडीत अडकली की आप्पांच्या अंगात येतं. २०१९च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, मग राजपत्रात नावबदल, मग आधार, मग बँक, मग शाळेचे दाखले. कुठल्या क्रमाने गेलं की कमी खेटे पडतात, हे ते तोंडपाठ सांगतात. "भावनेतलं मला कळत नाही," ते म्हणतात, "पण टेबल कुठलं ते सांगतो." मी इतर बऱ्याच दोस्त राष्ट्रांना भेटलोय. जूनमध्ये फोटोभोवती इंद्रधनुष्य लावणारी, जुलैत काढणारी. टेबल सांगणारं हे एकच.

कट्ट्यावर त्यांचं युद्ध रोजचं. "हे सगळं पाश्चात्त्य फॅड" असं कुणी म्हटलं की आप्पा पिशवीतून रघुनाथ धोंडो कर्वे काढतात. 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली निघालं ते मुंबईत, मराठीत. १९३४मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. आणि कर्व्यांचे वकील कोण? इथे आप्पा थांबतात. उत्तर सगळ्यांना पाठ झालंय, पण थांबतात. "डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर." खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. "आता सांगा, तेव्हाचे दोनशे म्हणजे आजचे किती?" मग कट्टा सोन्याच्या भावावर घसरतो आणि मूळ मुद्दा सुखरूप सुटतो.

त्यांचं दुसरं दैवत म्हणजे न्यूयॉर्कच्या जीन मॅनफर्ड. शाळामास्तरीण बाई. मुलाला मारहाण झाली म्हणून १९७२ साली हातात फलक घेऊन त्याच्याबरोबर मोर्चात चालल्या, आणि पुढच्या वर्षी पालकांची संघटना काढली. आप्पा त्यांच्याबद्दल 'आमच्या मॅनफर्डबाई' असं बोलतात. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई नारायण पेठेत राहायच्या आणि हुजूरपागेत शिकवायच्या.

आणि झेंडा. सहा रंगांचा झेंडा सगळ्यांनाच माहीत असतो, आप्पांना बाय लोकांचा वेगळा हवा होता. मायकेल पेज नावाच्या अमेरिकनाने तो १९९८मध्ये केला : वर गुलाबी, खाली निळा, मध्ये दोन्ही जिथे मिसळतात तिथे जांभळा. प्रमाण दोनास एकास दोन. ऑनलाइन मिळतो म्हणून चिरंजीवांनी सांगितलं, पण आप्पांना कापड हाताने पाहिल्याशिवाय घेता येत नाही. मला घेऊन ते लक्ष्मी रोडला गेले.

"एक मीटर गुलाबी, अर्धा मीटर जांभळा, एक मीटर निळा."

दुकानदाराने ठाण उलगडलं. "गुलाबी म्हणजे बेबी पिंक की राणी?"

आप्पांनी खिशातून छापील चित्र काढलं. दुकानदाराने ते उजेडात धरलं. "राणी. आणि हा वांगी. निळा रॉयल देऊ? काय, परकर शिवायचाय नातीसाठी?"

"झेंडा आहे."

"कुठल्या पक्षाचा?"

आप्पा म्हणाले, "दोन्ही."

दुकानदाराने मान डोलावली. पुण्यात राजकारण पाहिलेल्या माणसाला ह्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. "वांगीचा रंग जातो बरं का," एवढं त्याने सांगितलं. "पहिल्या धुण्यात मीठ टाका."

आता इथे मला आप्पांची एक खोड सांगावी लागेल, कारण सगळा घोळ तिनेच केला. २०१९मध्ये चिरंजीवांनी घरी एक मित्र आणला. म्हणजे मित्र ह्या शब्दाला जेवढं पेलतं त्याहून जास्त. मुलगा मराठवाड्याकडचा, शेतकऱ्याघरचा. काकूची तीन थालीपिठं खाल्ली आणि आप्पांशी पोटहिश्श्यावर दीड तास बोलला. आप्पा त्याच्या प्रेमात पडले, असं मी म्हटलं तर त्यांची ना हरकत घ्यावी लागेल, पण तसंच काहीसं. आणि त्या दिवसापासून त्यांच्या मनातल्या फायलीवर शिक्का बसला. 'उभय' हा शब्द ते तोंडाने म्हणत राहिले. आत मात्र त्यांनी एक पर्याय खोडला होता. नमुन्यावर छापलेलंच असतं ना, 'लागू नसेल ते खोडा'. दोन्ही तसंच ठेवलं तर अर्ज परत येतो.

मग त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, रीतसर ना हरकत घेऊन, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' ह्या सदरात निवेदन केलं. पार्किंग आणि पाण्याची टाकी ह्यांच्या मध्ये. सभेने नोंद घेतली. मुंबईच्या 'स्वीकार' ह्या पालकांच्या गटात जाऊन आले. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' वाचली. त्यात पुण्यातल्याच एका घरात पेइंग गेस्ट येतो, आणि त्या घरातला भाऊ आणि बहीण, दोघंही त्याच्यावर जीव टाकतात. मला वाटलं, ही वाचून तरी आप्पांना बायपण उमगेल. त्यांनी कादंबरी मिटून एकच प्रश्न विचारला : "भाडेकरार केला नव्हता का त्यांनी?"

दोन वर्षांनी ते जुळलेलं तुटलं. नोकऱ्या वेगळ्या गावी, लॉकडाऊन, नेहमीची कारणं. आप्पांनी चिरंजीवांपेक्षा जास्त मनाला लावून घेतलं. १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी विवाहाचा निकाल लागायचा होता तेव्हा चिरंजीव एकटेच होते, तरी आप्पांनी सकाळीच अर्धा किलो पेढे आणून ठेवले. सरन्यायाधीश चंद्रचूड, म्हणजे मूळ खेड तालुक्यातल्या कनेरसरचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले. आप्पांचा भरवसा तालुकावार असतो. थेट प्रक्षेपण लावून ते पाठ ताठ करून बसले. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, असं पाचही न्यायमूर्तींनी म्हटलं. निदान नागरी नात्याला मान्यता द्यावी, असं म्हणणारे दोन, नको म्हणणारे तीन.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मालकी नाही दिली, समजू शकतो. पण इतर हक्कात तरी नोंद घ्यायची. विहिरीतला हिस्सा घेतो आपण, जाण्यायेण्याची वाट घेतो." काकूने पेढे फ्रिजमध्ये टाकले. पुढच्या गुरुवारी दत्ताला गेले.

आणि २०२४च्या दिवाळीत चिरंजीव एका मुलीला घेऊन आले.

मुलगी गुणी. हसरी, स्पष्ट बोलणारी, चिरंजीवांबद्दल सगळं ठाऊक असलेली. काकूने तिला लगेच स्वयंपाकघरात ओढलं. आप्पा बाहेर खुर्चीत बसले होते, निवडणुकीत अनामत जप्त झालेल्या उमेदवारासारखे. चिरंजीव शेजारी येऊन बसले.

"आप्पा, काय झालं?"

"काही नाही. आनंदच आहे." मग खालच्या आवाजात, "म्हणजे आता फेरफार करायचा का?"

"कसला फेरफार? मूळ नोंदच अशी होती. तुम्ही अर्धीच वाचलीत."

"पण मग तो मोर्चा, ते निवेदन, तो झेंडा..."

"झेंडा दोन्हीकडचाच आणलाय तुम्ही. मध्ये वांगी आहे ना?"

आप्पांनी ह्यावर काही उत्तर दिल्याचं मला ऐकू आलं नाही. मी दाराआड होतो आणि अनारसा कडक होता.

खरा ताप पुढच्या आठवड्यात झाला. कट्ट्यावरचा एकजण पेढे घेऊन आला. "सुटलात हो! म्हटलं नव्हतं, वय असतं एकेक? आली ना गाडी रुळावर." डेअरीवाल्याने हात हातात घेऊन दाबला. सोसायटीच्या चिटणीसांनी तर 'मागील सभेतील निवेदन रद्द समजावे का' असं विचारलं. पाच वर्षं ज्यांच्याशी भांडले ते सगळे अचानक त्यांचं अभिनंदन करू लागले, आणि आप्पांना कळेना की ह्या अभिनंदनाशी भांडायचं कसं. आणखी एक गोष्ट त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितली, तीही खिडकीकडे बघत. मुलगी आली त्या रात्री दिवा मालवल्यावर त्यांना क्षणभर बरं वाटलं होतं. मिटलं एकदाचं, असं. "मी, अरे," ते म्हणाले. "मी फलक धरलेला माणूस." लेखात घालू का, असं मी विचारलं. त्यांनी नमुना भरून दिला.

चिटणीसांना त्यांनी लेखी उत्तर धाडलं : 'निवेदन कायम आहे. मुलगा तोच आहे. सुनेचे नाव वाढले आहे. एखाद्या गटात दोन पिके घेतली म्हणून एक पीक खोटे होत नाही.' मिश्र पिकाची ही उपमा चिरंजीवांना गांडुळापेक्षा थोडी बरी वाटली.

लग्न विशेष विवाह कायद्याखाली, नोंदणी पद्धतीने. अर्ज अर्थातच आप्पांनी भरला. तीस दिवसांची नोटीस फलकावर लागते आणि कुणीही हरकत घेऊ शकतं, हे वाचून ते उखडले. "जमिनीच्या फेरफारालासुद्धा पंधराच दिवस असतात!" मग पुढचा रकाना. अविवाहित, विधुर, घटस्फोटित : लागू नसेल ते खोडा. त्यांनी पट्टी ठेवून दोन रेघा मारल्या आणि पेन तसंच धरून बसून राहिले. मी विचारलं, अडलंय का काही? "अडलं नाही," ते म्हणाले. "तेच तर. हाच मुलगा, हीच खिडकी. त्या वेळी हा कागद आतसुद्धा घेतला नसता." मग टोपण लावलं आणि फोटोंच्या मागे नावं लिहायला घेतली.

कायद्याला तीन साक्षीदार लागतात. पहिली वधूची बहीण, दुसरा मी. तिसऱ्या जागेसाठी चिरंजीवांनी एक फोन केला, आणि नोंदणीच्या दिवशी सकाळच्या गाडीने तो मराठवाड्याचा मुलगा उतरला. काकूने डब्यात थालीपीठ आणलं होतंच. सुनेने त्याला मिठी मारली. तो आप्पांच्या पाया पडला, आणि आप्पांनी पंखा वाढवायला म्हणून इकडे-तिकडे बघितलं. कार्यालयातल्या पंख्याचं बटण सापडेना.

टेबलापलीकडचे कारकून कागद तपासत होते. बहिणीचा पाहिला, माझा पाहिला. तिसऱ्यावर थांबले. आडनाव वेगळं, गाव वेगळं, जिल्हा वेगळा.

"हे कोण?"

चिरंजीव, सून, मी आणि काकू, चौघांनीही एकाच वेळी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी तोंड उघडलं होतं. ते तोंड आम्हाला माहीत होतं; डेअरीवर उघडलेलंच ते. मग त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं. त्याची सही कुठल्याच नमुन्यावर घेतलेली नव्हती.

"साक्षीदार क्रमांक तीन," आप्पा म्हणाले.

"ते दिसतंय हो. तुमचे कोण लागतात?"

"झेरॉक्स दोन-दोन आणल्यात," म्हणून आप्पांनी फाइल पुढे सरकवली.